गुडघ्यातली गाठ, आणि घरातला एकच प्रश्न: झालं कशाने?

चोपड्याकडे केळीची शेती म्हटल्यावर घड खांद्यावर घेऊन चालणं आलंच, त्यामुळे गुडघा दुखायला लागला तेव्हा सगळ्यांनी कामाचंच नाव घेतलं, त्यात मी एकदा चिखलात आपटलेलो. पण हे दुखणं काम नसताना, रात्री झोपेत जास्त ठणकायचं आणि गुडघ्याच्या वर हाड एका बाजूने जाड लागायचं. मामा म्हणे मालिशवाल्याकडे चल. आईने साफ नाही सांगितलं ते बरंच झालं, अशी गाठ चोळायची नसते.

जळगावला एक्सरे काढला तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक आतून पोखरल्यासारखं काळं. डॉक्टर म्हणाले एमआरआय करून घ्या पण बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, इथे नको, ऑपरेशन जिथे होणार तिथेच करा, कारण सुई जिथून जाते ती वाट पण कधी कधी ऑपरेशनात काढावी लागते. मग मुंबई, परळचं टाटा हॉस्पिटल. रिपोर्ट आला जायंट सेल ट्यूमर. हा बहुतेक 20 ते 40 वयात होतो, सहसा कॅन्सर नसतो पण हाड खातो, परत येऊ शकतो, आणि क्वचित फुप्फुसात जातो म्हणून छातीचाही स्कॅन झाला.

घरी मात्र कारण पाहिजे होतं! आजी म्हणे "तो पडना म्हनीसनच व्हयनं हाई", काका म्हणे फवारणीचं औषध. डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले पडल्याने गाठ होत नाही, पडल्यामुळे तिकडे लक्ष जातं इतकंच. या गाठीच्या पेशींत एका जीनमध्ये बदल सापडतो, तो आईबापाकडून येत नाही, आणि का होतो ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. आधी घेतलेलं रेडिएशन किंवा घराण्यातला दोष हे ऑस्टिओसार्कोमासारख्या हाडाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी असतं, तो जास्त करून वाढीच्या वयातल्या पोरांना होतो, पण तिथेही बहुतेकांचं कारण सापडत नाही. आईने "आईबापाकडून नाही" हे दोनदा विचारून घेतलं, बहिणीचं लग्न जमवायचं चाललं होतं ना.

ऑपरेशनात गाठ खरवडून काढली आणि पोकळीत बोन सिमेंट भरलं, एक्सरेत आता तिथे पांढराशुभ्र गोळा दिसतो. परत आली का ते बघायला चेकअप चालूच आहे. कुणाला जायचं असेल तर रिपोर्टच्या कागदासोबत बायोप्सीच्या काचेच्या स्लाईड आणि मेणातला ब्लॉक (त्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) पण मागून घ्या, दुसरीकडे दाखवायला तेच लागतात.