पेनी लेन ते वूल्टन: गाण्यांचे पत्ते शोधत

कॉलेजात असताना बीटल्स या लिव्हरपूलच्या बँडची गाणी आम्ही कोडी सोडवावीत तशी ऐकायचो. प्रत्येक ओळीमागे काहीतरी गुपित असणार, बहुधा नशेचं, अशी आमची खात्रीच होती. गेल्या नोव्हेंबरात लिव्हरपूलला दोन दिवस मिळाले आणि पहिल्याच सकाळी ती खात्री गेली.

लाइम स्ट्रीट स्टेशनवर एक आजी गळ्यात ट्रे अडकवून लाल कागदी फुलं विकत होत्या. पॉपीची फुलं. ११ नोव्हेंबरला युद्धात पडलेल्यांच्या आठवणीसाठी ही फुलं छातीवर लावतात. ‘पेनी लेन’ गाण्यातली नर्स ट्रेमधून पॉपी विकते, आणि आम्ही त्याचा अर्थ अफू लावला होता! आजींनी माझ्या कोटाला फूल टाचलं, तेव्हा मनातल्या मनात त्या नर्सची माफी मागितली.

पेनी लेन या रस्त्यावर बघण्यासारखं फार काही नाही. पाट्या इतक्यांदा चोरीला गेल्या की नाव भिंतीवर रंगवावं लागलं. ज्या चौकात बीटल्समधले जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी शाळकरी वयात बस बदलायचे, त्याच्या मधोमध गाण्यातला तो बसचा निवारा अजून उभा आहे.

तिथून वूल्टन या उपनगराकडे गेले. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ हे गाणं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरचे वाफे यायचे. प्रत्यक्षात स्ट्रॉबेरी फील्ड हे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं अनाथ मुलांचं वसतिगृह होतं, १९३६ ते २००५. जॉन त्याच्या बागेत खेळायचा. त्याच्या मावशीचं घर तिथून जवळच, मेनलव्ह अव्हेन्यूवर. १९५८ मध्ये त्याच रस्त्यावर गाडीखाली त्याची आई गेली. तो १७ वर्षांचा होता. पॉलची आई मेरी त्याआधी दोन वर्षं, १९५६ मध्येच, कॅन्सरने गेली होती. ‘लेट इट बी’ गाण्यातली मेरी ती. पुढे पॉलच्या स्वप्नात येऊन धीर देणारी त्याची स्वतःची आई. मी मात्र इतकी वर्षं तिला येशूची आईच समजत होते. लाल फाटकापाशी हे सगळं आठवलं आणि बराच वेळ पुढे जाववेना.

शेवटी सेंट पीटर्स चर्च. ६ जुलै १९५७ ला इथल्याच जत्रेत हे दोघे पहिल्यांदा भेटले. मागच्या स्मशानभूमीत एका दगडावर, बऱ्याच नावांच्या खाली, एलिनॉर रिग्बी हे नाव आहे; बीटल्सच्या एका गाण्याचंही हेच नाव. मृत्यू १० ऑक्टोबर १९३९, वय ४४. खाली एकच शब्द: निद्रिस्त. गाण्यातली एलिनॉर एकटी, आणि इथे दगडावर लिहिलंय ‘टॉमस वुड्सची प्रिय पत्नी’. वाचून फार बरं वाटलं. हे नाव इथून घेतलं नाही, असं पॉलचं म्हणणं. एलिनॉर एका अभिनेत्रीचं, रिग्बी ब्रिस्टलमधल्या एका दुकानाचं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण पोरवयात ज्या आवारात वावरलो, तिथलं नाव मनात कुठेतरी राहतंच.

गाण्यात एलिनॉर दुसऱ्यांच्या लग्नानंतर चर्चमध्ये सांडलेले तांदूळ वेचते. म्हणजे अक्षताच. मांडव रिकामा झालाय, वऱ्हाड निघून गेलंय, आणि एक बाई वाकून एकेक दाणा उचलतेय. मराठी माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

निघताना कोटावरचं लाल फूल काढून त्या दगडापाशी ठेवलं. पाऊस भुरभुरत होता.