दोनशे शब्दांची साप्ताहिक नोंद

ऑनलाइन वर्गात अर्थशास्त्र शिकवताना मला सर्वाधिक त्रास झाला तो शांततेचा. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात द्वितीय वर्षाच्या तासाला पडद्यावर केवळ आद्याक्षरांच्या चौकटी दिसत. कॅमेरा सुरू ठेवण्याइतका डेटा बहुतेकांकडे नव्हता आणि अमळनेर-पारोळ्याकडचे काही विद्यार्थी तर रेंजसाठी घराच्या धाब्यावर चढून तास ऐकत. समजले का, असे विचारले की ‘हो सर’ एवढेच उमटे. म्हणून प्रत्येकाने आठवड्याला दोनशे शब्दांची एक नोंद लिहावी, ती सर्व वर्गाने वाचावी आणि निदान एका सहाध्यायाच्या नोंदीला लेखी उत्तर द्यावे, असा क्रम मी सुरू केला.

पहिले तीन आठवडे वाया गेले आणि त्यात दोष माझा होता. ‘मागणीची लवचिकता स्पष्ट करा’ असा विषय दिल्यावर गाइडमधला उताराच येणार! एकच मुद्रणदोष अकरा नोंदींत सापडला, तेव्हा मी प्रश्न बदलला: या आठवड्यात तुमच्या घरी काय विकले, काय विकायचे थांबवले आणि त्यासाठी कशावर पाणी सोडले?

रावेरच्या एका विद्यार्थ्याने लिहिले की, घड तयार झाला की बऱ्हाणपूरच्या बाजारातला भाव कितीही पडलेला असो, केळी कापावीच लागते. अल्पकाळातील अलवचिक पुरवठा, म्हणजे भाव बदलला तरी लगेच कमी-जास्त न होणारा पुरवठा, मी दोन तास आकृत्या काढून शिकवला होता. त्याने तो एका वाक्यात मांडला.

परंतु खरा वाद रंगला तो कापसावर. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या बराच वर चालला होता. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी दिवाळीपूर्वीच खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, सगळा कापूस दिला, कारण उसनवारी फेडायची होती. पुढे जानेवारीत भाव दहा हजारांच्या घरात गेला आणि थांबलेल्या शेजाऱ्याचे गावभर कौतुक झाले. ‘वडिलांचा निर्णय चुकला’ असे तिने स्पष्ट लिहिले. त्यावर एका व्यापाऱ्याच्या मुलाने उत्तर दिले की थांबणे फुकट नसते: साठवलेला कापूस वाळून वजन घटते, घरात किडे होऊन अंगाला खाज सुटते, आगीची धास्ती असते आणि उसनवारीचे व्याज तर रोज चढतच असते. दुसऱ्या एकीने विचारले, जानेवारीचा भाव ऑक्टोबरमध्ये कोणाला ठाऊक होता? निर्णयाच्या वेळी हाती असलेली माहिती आणि नंतर कळलेला निकाल यांतील फरक पाठ्यपुस्तकात क्वचितच इतका नीट येतो. संधी खर्च, म्हणजे एक पर्याय निवडताना ज्या दुसऱ्या पर्यायावर पाणी सोडावे लागते त्याची किंमत, ही संकल्पना त्या आठवड्यानंतर मला पुन्हा शिकवावी लागली नाही.

गुण देताना शुद्धलेखनाकडे मी काणाडोळा केला. एकाने नोंद अहिराणीत लिहिली, तीही स्वीकारली. प्रमाण मराठीत त्याचे विचार नेहमी अवघडल्यासारखे वाटत, अहिराणीत ते धावले. कामाचा बोजा मात्र कमी नव्हता. साठ विद्यार्थी म्हणजे आठवड्याला बारा हजार शब्द, तेही मोबाइलवर टंकलेले. शेवटी निम्म्या नोंदी एका आठवड्यात आणि निम्म्या दुसऱ्या आठवड्यात तपासायच्या, असा मार्ग काढला. सर्व वाचतो असा आव आणण्यापेक्षा हे बरे, असे आजही वाटते.

२०२२-२३ मध्ये वर्ग प्रत्यक्ष भरू लागले, पण नोंदी मी बंद केल्या नाहीत. त्या वर्षी खानदेशात पुष्कळ शेतकऱ्यांनी आदल्या वर्षीच्या भावाच्या आशेने कापूस घरातच ठेवला आणि भाव वाढण्याऐवजी उतरत गेला. मागील किमतीवरून पुढील निर्णय घेतला की काय होते, हे सांगणाऱ्या सिद्धान्ताला अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याचे (कॉबवेब) नाव दिले. तो सिद्धान्त पेरणी आणि उत्पादनाविषयी आहे, साठवणुकीविषयी नव्हे, ही मर्यादा सांगूनच मी तो फळ्यावर मांडला. त्या आठवड्यात धरणगावकडच्या एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘तू अर्थशास्त्र शिकतोस ना, मग भाव कधी वाढेल ते सांग, असे वडील रोज विचारतात आणि मी खोलीतल्या ढिगाकडे बघत बसतो.’ त्याला सात उत्तरे आली. त्यांतील चार ‘आमच्याही घरात आहे’ एवढीच होती.