आजोबांची टोपी

"काय रे बाळा, आमच्या ह्यांची टोपी गुलाबी कधीपास्नं झाली?"

आजींनी मी छापून दिलेला फोटो काउंटरवर ठेवला. नातीच्या लग्नातला आजोबांचा फोटो फ्रेमसाठी मोठा करून हवा होता, रविवारी वर्षश्राद्ध. तो बुधवार. मी वाकून पाहिलं. पांढऱ्या टोपीच्या घडीतली सावली राखाडी दिसायला हवी, ती चक्क जांभळट गुलाबी होती.

सहा महिन्यांपासून मी प्रिंटरच्या टँकमध्ये बाहेरची शाई भरतोय, कंपनीची नाही. पैसे वाचतात, खोटं कशाला बोलू? लग्नाच्या अल्बममध्ये शालू, मेकअप, स्टेजचे लाइट. थोडी लाली चढली तर गिऱ्हाईक खूशच. राखाडीचं तसं नाही. त्यात निळा, गुलाबी, पिवळा, काळा सगळे तोलून पडावे लागतात. एकाचा तोल गेला की पोरालाही कळतं.

आधी नेहमीचे उद्योग केले. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, थोडी कमी कर, पुन्हा छाप. टोपी सुधारली तर आजोबांचे गाल हिरवे. चार कागद गेले. शाईची छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारा नोझल चेक काढला, एकही रेघ तुटलेली नाही. मग लक्षात आलं, कुठल्या रंगाला कुठली शाई किती टाकायची ते सांगणारी फाइल, म्हणजे प्रोफाइल, ओरिजनल शाईचं आणि कंपनीच्या कागदाचं; माझ्याकडे शाईही दुसरी, कागदही दुसरा. प्रिंटर बिचारा सांगितलं तेवढंच करत होता.

गुरुवारी कोल्हापूरच्या मित्राकडून स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, आणला. 918 रंगीत चौकोनांचा चार्ट दोन पानांवर छापून रात्रभर वाळवला, कारण ओल्या शाईचा रंग वाळल्यावर बदलतो. शुक्रवारी एकेक ओळ वाचून नवीन प्रोफाइल बनवलं, फोटो छापला, तर टोपी हिरवी!

चूक माझीच. चार्ट छापताना ड्रायव्हरमधली, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली, रंगदुरुस्ती चालू राहिली होती. चार्ट कच्चाच छापायचा असतो, शाई मुळात कशी पडते ते यंत्राला कळावं म्हणून. फोटो छापतानाही रंग एकट्या फोटोशॉपने सांभाळायचा, ड्रायव्हरने गप्प बसायचं. नाहीतर दोघींनी आमटीत मीठ घातल्यासारखं होतं. पुन्हा चार्ट, पुन्हा रात्र.

शनिवारी टोपी पांढरी आली, सावली राखाडी. दुपारी आजी आल्या आणि फोटो घेऊन थेट पायरीवर उन्हात गेल्या. आत ट्यूबलाइटखाली तीच सावली किंचित हिरवट वाटत होती. उजेड बदलला की बाहेरच्या शाईचं असं होतं; ते मी बोललो नाही.

बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"टोपी बेस झाली," त्या म्हणाल्या, "आता तेवढं कॉलरचं बटण लावून दे. जन्मभर सांगून थकले, कधी लावलं नाही."