ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी: एकटा पहिला सेल का उतरला?

पावसाळ्यात माझं सुतारकाम जवळपास बंद असतं. लाकूड दमट, हवा त्याहून दमट. जूनमध्ये ड्रिल पेटीत ठेवलं ते ऑक्टोबरमध्ये काढलं. बॅटरी चार्जरला लावली तर दिवा लाल-हिरवा लुकलुकायला लागला. चार्जरच्या पत्रकात याचा अर्थ एवढाच दिलाय: बॅटरी सदोष.

पहिला दिवस. आमच्या कोकणातल्या हवेत पहिला संशय गंजावरच जातो. टर्मिनलवर हिरवट थर होताच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला, पण फरक शून्य. टर्मिनलवर मीटर लावला, १६.९९ व्होल्ट. १८ च्या पॅकला १७ म्हणजे ठीकच की, असं म्हणून मी दोन दिवस चार्जरवर संशय घेत बसलो. माझी मोठी चूक इथे झाली.

तिसरा दिवस. पॅक उघडला. स्क्रू मधे टोक असलेले, त्यांना भोकाचा स्टार बिट लागतो. आत १८६५० मापाचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) पाच लिथियम सेल एकापुढे एक, २ अँपिअर-तासाचा पॅक. आधी थर्मिस्टर, म्हणजे पॅकचं तापमान चार्जरला कळवणारा छोटा भाग, पाहिला, कारण तो तुटला तरी चार्जर असाच अडतो. ३० अंशांना ८.२ किलोओहम, बोटांत धरल्यावर आकडा खाली. म्हणजे तो ठणठणीत.

मग एकेक सेल मोजला. ऋण टोकाकडून: २.३५, ३.६६, ३.६५, ३.६६, ३.६७. पहिला सोडून सगळे एकसारखे! बेरीज करून बघा, तीच १६.९९. पाचांची बेरीज एका सेलचं दुखणं सहज झाकते, म्हणून टर्मिनलवरच्या आकड्यावर विसंबू नका.

पण नेमका पहिलाच का? मला याचीच खरी उत्सुकता होती. पॅकमधल्या सर्किट बोर्डवरची वाट भिंगातून शोधत गेलो तेव्हा दिसलं की त्यातल्या चिपला वीज फक्त पहिल्या सेलमधून मिळते. ती तार सोडवून मधे मीटर घातला: ०.३ मिलिअँपिअर. नगण्य वाटतो आकडा. पण दिवसाला ७.२ मिलिअँपिअर-तास, १२० दिवसांत ८६४. अर्धवट भरलेला सेल रिकामा करायला तेवढं पुरलं. म्हणजे सेल आतून गळत नव्हता, बोर्डच त्याला पीत होता.

पाचवा दिवस. २.३५ हे वाचवण्याच्या काठावरचं आहे. २ व्होल्टच्या खाली असता तर मी हातच लावला नसता. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आत शॉर्ट होऊ शकतो. दुसऱ्या बॅटरीच्या तारा थेट जोडून 'धक्का' देण्याचा प्रकार तर कृपया कुणी करू नका, त्यात करंटवर काहीच ताबा राहत नाही.

मी बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंट हवे तेवढे ठरवता येणारं यंत्र, वापरला. व्होल्टेजची मर्यादा ४.२०, करंट आधी १०० मिलिअँपिअर. ३ व्होल्ट ओलांडल्यावर ५००. फरशीवर, पडवीत, सेलच्या पाठीला बोट लावून सतत तपासत. दोनेक तासांत तो बाकीच्यांच्या पातळीला आला, अजिबात तापला नाही. रात्रभर ठेवल्यावर ३.६३. बोर्ड जोडून चार्जरला लावला आणि हिरवा दिवा स्थिर!

सातवा दिवस. हिरव्या दिव्यावर माझं समाधान होईना. गाडीचे ५५ वॉटचे दोन बल्ब मालिकेत जोडून भार दिला, साधारण ४ अँपिअर. चार सेल ०.२ व्होल्टने खाली आले, पहिला ०.४५ ने. त्याचा अंतर्गत रोध दुपटीहून जास्त झालाय. ड्रिलने ओढ घेतली की सगळ्यांत आधी तोच बसणार.

एकच सेल बदलण्याच्या मी विरुद्ध आहे. चार जुने आणि एक नवा यांचं जमत नाही, असमतोल पुन्हा सुरू होतो. पाचही नवे, एकाच लॉटचे, जास्त करंट देणारे घेणार. सेल जोडायला ०.१५ मिमीची निकेलपट्टी आणली आहे, ती चिकटवायला स्पॉट वेल्डर मित्राकडून येतोय. तोवर हा पॅक फक्त छोट्या स्क्रूंसाठी, आणि चार्जिंग डोळ्यांसमोर.

दुसरा पॅकही त्याच पेटीत होता. आज उघडून मोजला: पहिला सेल ३.०४, बाकीचे ३.७ च्या वर.