तुम्ही विचारलंत म्हणून: होम प्लेटवरची धडक

मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पाठीराखा आहे हे कळले, की बेसबॉलप्रेमी मंडळींत तो प्रश्न येतोच: धाव पुरी करायला होम प्लेटकडे पळणाऱ्या रनरने तिथे चेंडू झेलायला उभ्या असलेल्या कॅचरला धडक देण्यावर बंदी आणून खेळातली रगच काढून घेतली, असे तुम्हाला वाटत नाही का? मी तोंड उघडण्याआधीच विचारणारा हसून म्हणतो, "तुमच्या कॅचरचा, पोझीचा, पाय मोडला, म्हणून तुम्हाला बंदी हवी!" हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

होय, पोझीचा पाय मोडला म्हणूनच. २५ मे २०११ रोजी मी मैदानावर होतो. समोर फ्लोरिडा मार्लिन्स, बारावी इनिंग, सहा-सहा बरोबरी, तिसऱ्या बेसवर, म्हणजे होमच्या आधीच्या थांब्यावर, त्यांचा रनर स्कॉट कझिन्स. राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या भागात, झेल घेतला गेला आणि (झेलानंतरही बेसवरच्या रनरला पळता येते, म्हणून) कझिन्स होमकडे सुटला. अशा वेळी कॅचरच्या वाट्याला काय येते, ते नीट पाहा. थ्रो येतो राइट फील्डकडून, त्यामुळे त्याचे डोळे तिकडे. रनर येतो तिसऱ्या बेसकडून, म्हणजे त्याच्या डाव्या अंगाला, आणि होमवर थांबण्याचे बंधन नसल्यामुळे तो पूर्ण वेगात असतो. बस्टर पोझीच्या हातात चेंडू ठरलाच नाही. टॅग करण्यासाठी, म्हणजे रनरला चेंडू टेकवून बाद करण्यासाठी, तो वळतो न वळतो तोच कझिन्सचा खांदा त्याच्यावर आदळला आणि डावा पाय त्याच्याच अंगाखाली मुडपला. धाव मोजली गेली, सामना सात-सहा असा गेला. मैदानातून बाहेर जाताना पोझीला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. पायाचे हाड मोडले होते, घोट्याचे लिगामेंट फाटले होते. त्याचा हंगाम तिथेच संपला.

कझिन्सने त्या वेळचा कोणताही नियम मोडला नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होते, तरीही त्याच्यावरचा राग गेला नाही, आणि आजही पुरता गेला आहे असे मी म्हणणार नाही. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तो मात्र निव्वळ नीचपणा होता.

"पण पोझी परतला, २०१२ मध्ये एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, मग काय बिघडले?" हा प्रतिवाद मला संतापजनक वाटतो. १९७० च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी, सामन्यात, जिथे गुणतक्त्यावर कशाचाही फरक पडणार नव्हता, रनर पीट रोझने कॅचर रे फॉसीला उडवले. फॉसीचा खांदा मोडला आणि त्याचे दुखणे आयुष्यभर राहिले. अमेरिकेत नवा असताना जिद्द म्हणजे काय ते समजावे म्हणून मला तीच चित्रफीत दाखवली गेली होती, आणि मी भारावलो होतो. तो जुना मी अजून वाद घालतो: जिंकण्यासाठी जो काहीही करायला तयार नाही, त्याने खेळावेच कशाला? त्याला माझे उत्तर असे, की चेंडू हाती नसताना वाट अडवण्याचा हक्क कॅचरला जुन्या नियमपुस्तकातही नव्हता. अंपायर काणाडोळा करत, म्हणून धडक ही रूढी झाली. २०१४ च्या नियमाने कॅचरला तेच पुन्हा बजावले आणि रनरला वाट सोडून त्याच्या अंगावर जाण्यास मनाई केली. रग होती ती रूढीत, नियमात नव्हे.

यावर जुना मी गप्प बसत नाही. तो २०१९ चे उदाहरण काढतो: रनर जेक मॅरिसनिक कॅचर जोनाथन लुक्रॉयवर आदळला, लुक्रॉयचे नाक मोडले, मेंदूला मार बसला, मग नियमाने वाचवले कोणाला? मी म्हणतो, मॅरिसनिक बाद ठरला आणि नंतर त्याच्यावर दोन सामन्यांची बंदीही आली. त्यावर तो विचारतो, की थ्रोच भरकटून कॅचरला रनरच्या वाटेत ओढत असेल, तर दोष कोणाचा? नियम तेवढी सवलत कॅचरला देतो, पण थ्रोने ओढले की तो स्वतःच सरकला हे ठरवायला रीप्ले पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. अशा निर्णयांवर माझे मत काय, असे विचाराल, तर रनर कोणत्या संघाचा होता ते आधी सांगा.