चेल्टनहॅमच्या चढावर एक दिवस: उडीच्या शर्यती आणि घोड्याची निवड

महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या मैदानांवर ४० वर्षे शर्यती पाहिल्यावर आपल्याला घोड्यातले थोडेफार कळते, असा माणसाचा समज होतो. माझाही होता. ११ मार्च २०२५ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम येथे, उडीच्या शर्यतींच्या वार्षिक महोत्सवात, तो जेमतेम चार मिनिटांत उतरला. त्या दिवसाचा हा वृत्तांत असून, पुढे जाणाऱ्यांना घोड्याची निवड करताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी त्यात ओघाने आल्या आहेत.

मुलगी बर्मिंगहॅमला असते, त्यामुळे प्रवासाची अडचण नव्हती. न्यू स्ट्रीट स्थानकावरून चेल्टनहॅम स्पाला थेट गाडी आहे आणि ती पाऊण तासाच्या आत पोहोचवते. महोत्सवाच्या चार दिवसांत मात्र या गाडीत बसायला जागा मिळेल ही आशा सोडून द्यावी. ट्वीडचे कोट आणि टोप्या घातलेली सगळी गर्दी उभीच होती, आणि प्रत्येकाच्या हातात घडी घातलेले वर्तमानपत्र होते. स्थानकावरून मैदानाकडे खास बस सुटतात. प्रवेशाची तिकिटे आधीच काढून ठेवावीत. क्लब, टॅटरसॉल्स आणि बेस्ट मेट असे तीन विभाग असून, घोडे जवळून पाहण्याची ज्याला ओढ आहे त्याने पॅरेड रिंगपर्यंत, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणापर्यंत, जाऊ देणारे तिकीट घेतलेले बरे.

हा महोत्सव मंगळवार ते शुक्रवार असा चार दिवस चालतो आणि रोज सात शर्यती होतात. पहिले दोन दिवस ‘ओल्ड कोर्स’वर आणि पुढचे दोन दिवस ‘न्यू कोर्स’वर धावतात. दोन्ही मार्ग डाव्या हाताला वळणारे आहेत. आपल्या महालक्ष्मीची सवय उजव्या वळणाची, म्हणून दुर्बिणीतून पाहताना पहिली शर्यत तर दिशा सावरण्यातच गेली. क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी असलेले हे मैदान कुठेच सपाट नाही. घोडे उताराने वेगात खाली येतात, वळतात, आणि मग शेवटच्या उडीनंतरही त्यांना चढ चढावा लागतो. कागदावर दोन मैल लिहिलेली शर्यत येथे दोन मैलांची राहत नाही, हे चढाच्या बाजूला उभे राहून पाहिल्याशिवाय पटत नाही.

अडथळे दोन प्रकारचे असतात. हर्डल किमान साडेतीन फूट उंच असतो आणि धक्का लागला की झुकतो. फेन्स किमान साडेचार फूट उंच असून काटक्यांची घट्ट भिंतच असते. हर्डलला खूर लागला तर घोडा अनेकदा सावरतो, फेन्सला छाती भिडली तर खेळ तिथेच आटोपतो. म्हणून हर्डलवरचा फॉर्म, म्हणजे मागच्या शर्यतींतली कामगिरी, जसाच्या तसा फेन्सवर लावू नये. मी शेवटच्या हर्डलजवळच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो होतो. लाकडी चौकटीवर खुरांचा जो खडखडाट होतो, तो दूरचित्रवाणीवर कधीच इतका कानात भरत नाही.

आता फॉर्म वाचण्याविषयी. आपल्या शर्यतीच्या पुस्तकात जसे मागच्या शर्यतींतले क्रमांक असतात तसेच येथेही असतात. फक्त आकड्यांच्या मध्ये अक्षरे डोकावतात. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे स्वार खाली आला, ‘पी’ म्हणजे जॉकीने घोडा मधेच थांबवला आणि ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्याने हा आडवा झाला. ‘बी’चा दोष घोड्याला देऊ नये. ‘पी’ मात्र ओळीने दोनदा आला तर तब्येत, श्वास किंवा मनच बिघडले असावे, असा संशय घ्यावा. नावापुढे ‘सी’ असेल तर घोडा याच मैदानावर आणि ‘डी’ असेल तर याच अंतरावर जिंकलेला आहे. चढाच्या मैदानावर यातले ‘सी’ अक्षर मी तरी अधिक मोलाचे मानतो. श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झालेली असेल तर त्यानंतरच्या पहिल्या धावेआधी २०१८ पासून ते जाहीर करावे लागते. अशा घोड्याचा जुना फॉर्म थोडा सैल हाताने वाचावा.

वजने स्टोन आणि पौंडांत दिलेली असतात. १४ पौंडांचा एक स्टोन. चॅम्पियन हर्डल या त्या दिवसाच्या मुख्य शर्यतीत घोड्यांवर ११ स्टोन १० पौंड, म्हणजे ७४ किलोंहून थोडे अधिक वजन असते. आपल्याकडे ६० किलो म्हटले की कपाळाला आठी पडते, त्यामुळे हे आकडे पाहून प्रथम दचकायला होते. हॅंडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार वजन ठरते त्या शर्यतीत, तीन मैलांच्या अंतरावर एक पौंड म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी, असा ढोबळ हिशेब धरतात. हॅंडिकॅप नसलेल्या शर्यतीत घोडींना मिळणारी ७ पौंडांची सवलत विसरू नये. मी विसरलो नव्हतो, फक्त तिला पुरेशी किंमत दिली नाही.

पहिली शर्यत, म्हणजे सुप्रीम नोव्हिसेस हर्डल, फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या, कोपेक दे बोर्दने जिंकली आणि मी उगाचच खूश झालो. दुसरी आर्कल. फेन्सवरच्या या दोन मैलांच्या शर्यतीत माजबरो हा घोडा मोठा फेव्हरिट होता. शेवटून दुसऱ्या फेन्सवर त्याची उडी चुकली. तरीही तो पुढेच होता, पण चढावर पाय जड झाले, आणि तोपर्यंत मागे रखडत वाटणारा जँगो बाए शेवटच्या काही ढांगांत सगळ्यांना गाठून जिंकला. माझ्या शेजारचे वयस्कर आयरिश गृहस्थ, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, तेवढेच म्हणाले, “चढ.” जँगो बाए अडीच मैलांवरही पळालेला होता. येथे दोन मैलांच्या शर्यतीत नुसता वेगवान घोडा घेण्यापेक्षा, थोड्या अधिक अंतरावर टिकलेला घोडा धरणे शहाणपणाचे, हे तेव्हा वहीत लिहिले आणि तासाभरात विसरलो.

चॅम्पियन हर्डलला सातच घोडे होते. कॉन्स्टिट्यूशन हिल आतापर्यंतच्या दहाही शर्यती जिंकलेला. मागच्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन. आणि ब्रायटरडेजअहेड ही आयरिश घोडी. चौथे नाव होते गोल्डन एस या घोडीचे, भाव २५ला १, म्हणजे एका पौंडावर २५ पौंड नफा. माझ्या वहीत तिच्यापुढे शाईने लिहिलेले आजही आहे: ‘मार्च २०२४, हेच मैदान, ब्रायटरडेजअहेडला हरवले.’ आणि त्याच्याखाली, माझ्याच हस्ताक्षरात: ‘पण इथे दर्जा कमी पडेल.’ मी दहा पौंड स्टेट मॅनवर लावले.

कॉन्स्टिट्यूशन हिल पाचव्या हर्डलवर कोसळला. स्टँडमधून जो आवाज उठला त्याला आरोळी म्हणता येणार नाही. हजारो माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा तो आवाज होता. मला मात्र, खोटे कशाला बोलू, आनंद झाला. स्टेट मॅन शेवटच्या हर्डलकडे स्पष्ट आघाडी घेऊन आला, माझ्यापासून वीसेक पावलांवर, आणि उडी घेताच जमिनीवर आडवा झाला. गोल्डन एस बाजूने निघून चढ चढून गेली. दोन्ही घोडे उठून उभे राहिले, हे पाहून जिवात जीव आला. दहा पौंडांची आठवण त्यानंतर झाली.

तीन आठवड्यांनी लिव्हरपूलजवळच्या एंट्री मैदानावर कॉन्स्टिट्यूशन हिल पुन्हा पडला. फॉर्ममध्ये पहिला ‘एफ’ आलेल्या घोड्याच्या पुढच्या शर्यतीत अल्प भावात पैसे लावू नयेत, असे मी आता धरून चालतो. उड्या नसलेल्या सपाट शर्यतीत घोडा फार तर हरतो. येथे तो शर्यत पूर्णच करेल याची खात्री नसते, आणि १ला २ (दोन पौंडांवर एक पौंड नफा) सारख्या भावात त्या जोखमीची भरपाई मिळत नाही. सातच घोडे असतील तर फेव्हरिट सोडून लांब भावाच्या, पण या मैदानावर चांगले पळालेल्या घोड्यावर ‘ईच वे’, म्हणजे निम्मे पैसे जिंकण्यावर आणि निम्मे प्लेसवर (पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर), लावणे बरे. पाच ते सात घोड्यांत सहसा पहिल्या दोघांना आणि आठ किंवा अधिक असतील तर पहिल्या तिघांना प्लेसचे पैसे मिळतात. मोठ्या हॅंडिकॅपमध्ये, १६ किंवा त्याहून अधिक घोडे असतील तर चौघांना. लावलेल्या पैशावर आपल्यासारखा कर कापला जात नाही. आधीपासून, ‘अँटी-पोस्ट’ भावात लावलेले पैसे घोडा न पळाल्यास सहसा बुडतात, म्हणून बाहेरगावच्या माणसाने शर्यतीच्या दिवशीच लावावे.

पॅरेड रिंगमध्ये मी आपल्या पॅडकच्या सवयीने तुकतुकीत कातडी आणि भरलेले पुठ्ठे शोधत होतो. मार्चमध्ये ते फसवे ठरते, कारण हिवाळ्याचे केस सगळ्यांचे सारखे उतरलेले नसतात. मानेवर आणि मागच्या पायांमध्ये घामाचा फेस आलेला घोडा मात्र टाळावा. एवढ्या गर्दीत त्याची निम्मी ताकद रिंगमध्येच संपते. सकाळी जमिनीची स्थितीही पाहावी. ‘सॉफ्ट’ (ओली, मऊ) आणि ‘गुड’ (घट्टसर) यांतला फरक येथे आपल्या पावसाळी पुण्यातल्याइतकाच निर्णायक असतो.

परतीच्या बससाठी तास-सव्वा तास रांगेत उभे राहावे लागले, वारा बोचरा होता आणि माझे चामडी बूट चिखलाने भरले होते. जाड तळव्याचे बूट आणि कानटोपी न्यावी.

आपल्याकडचे बहुतेक आईवडील मुलांकडे मे ते जुलैत जातात. मेच्या सुरुवातीची एखादी संध्याकाळ सोडली तर तेव्हा चेल्टनहॅममध्ये उडीच्या शर्यती नसतात. त्यांनी वुस्टर गाठावे. सेव्हर्न नदीकाठचे हे मैदान हिवाळ्यात पाण्याखाली जाते, म्हणून तेथे उडीच्या शर्यती उन्हाळ्यातच होतात, काही तर संध्याकाळी. फॉरगेट स्ट्रीट स्थानकावरून चालत जाता येते. हे मैदान सपाट आहे, त्यामुळे वर लिहिलेले चढाचे सगळे तेथे विसरावे आणि फक्त उडी पाहावी. कठडा अडथळ्याच्या इतका जवळ आहे की जॉकी घोड्याशी बोलतो तेही ऐकू येते.