सायकल थांबवून बघा

रेवा आणि भोलू एकाच घरातली दोन कुत्री. घरातला मुलगा सायकलवर बसला की दोघंही त्याच्यावर धावून जायची. रेवाचे दात एकदा त्याच्या टाचेला लागले होते, भोलूनं पोटरी धरली होती. आधीच्या ट्रेनरनं दोघांवर ‘आक्रमक’ असा एकच शिक्का मारला आणि दोघांवर एकच उपाय केला. मला बोलावलं तेव्हा घरच्यांना शिकवणी नको होती, निकाल हवा होता. दोघांतलं कोण ठेवायचं आणि कोण देऊन टाकायचं? मुलाचे वडील म्हणाले, “ताई, रेवा निदान शांत तरी आहे. या भोलूनं मात्र जीव नको केलाय. एकीला बघून दुसरा शिकला.”

त्या दिवशी जे दिसलं ते मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. वरून हुबेहूब सारखं वागणं आणि आतली कारणं एकमेकांच्या अगदी उलट, असं स्वच्छ उदाहरण आमच्या कामात क्वचितच समोर येतं.

कुणाच्याही घरी जाण्याआधी मी व्हिडिओ मागवते आणि ते आवाज बंद करून बघते. फोनवर माणसं निष्कर्ष सांगतात. रागावतो, सूड घेतो, मुद्दाम करतो. मला हवे असतात त्याच्या आधीचे दोन सेकंद. वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या, तोंड मिटलेलं आहे की ओठांचे कोपरे मागे ताणलेत, शेपूट मुळापासून ताठ आहे की फक्त टोकाला. भुंकणं कानावर पडलं की आपलं लक्ष दातांकडे जातं आणि पाय बघायचे राहून जातात.

पोचल्यानंतरचा पहिला तास बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो. मी कुत्र्याकडे बाजू करून बसते, हाक मारत नाही, हात पुढे करत नाही. थोड्या वेळानं लांबवर किल्ल्यांचा जुडगा खाली टाकते. दचकण्याला मी महत्त्व देत नाही, चांगलं धीट कुत्रंही दचकतं. सावरायला किती वेळ लागतो ते बघते. रेवा दचकली, वळली, जुडग्याचा वास घेतला आणि परत येऊन माझ्या पिशवीत नाक घातलं. भोलू पलंगाखाली गेला. बाहेर आला तो बऱ्याच वेळानं, अंग जमिनीलगत ठेवून, जुडग्याला लांबून वळसा घालत. मी पुढे केलेला खाऊ त्यानं घेतला, पण बोटांना दात लावून. एरवी तो अलगद घेतो, असं मुलाची आई म्हणाली. मनात ताण असला की कुत्र्याचं तोंड असं कडक होतं, आणि पुढे शिकवताना मला शेपटीपेक्षा या तोंडाचाच जास्त भरवसा वाटतो.

इथे निम्मं काम झालं होतं. धक्का बसल्यावर जनावर किती लवकर जागेवर येतं, हा त्याच्या स्वभावाचा गाभा. उपजत प्रेरणा ही वेगळी गोष्ट. प्रेरणा सांगते कुत्र्याला काय करावंसं वाटतं, स्वभाव सांगतो त्याला काय सोसवतं. शिकवायला सुरुवात करण्याआधी दोन्ही ठाऊक हवं. आमच्या धंद्यातले बरेच जण यातलं एकही न बघता पट्टा हातात घेतात.

मग सायकल. एका वेळी एकच कुत्रं, दुसरं आतल्या खोलीत. हार्नेसला लांब दोरी, दोरीचं टोक खांबाला, तोंडाला जाळी. जाळीची सवय घरच्यांनी आधीच चिकाटीनं लावून ठेवली होती, हे श्रेय त्यांचं. सायकलवर मुलाचे मामा.

सायकल दिसताच रेवाची मान खांद्यांच्या खाली गेली. एक पुढचा पाय हवेत, तोंड मिटलेलं, डोळे चाकावर, आवाज अजिबात नाही. सायकल जवळ आली तेव्हा ती सरळ अंगावर गेली नाही, बाहेरून अर्धवर्तुळ घेऊन सायकलच्या पुढे यायला बघत होती. मेंढ्या वळवणारा बॉर्डर कोली ज्यानं पाहिलाय त्याला हे लगेच ओळखू येतं. लांडग्यात शिकारीची साखळी अखंड असते. हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड, ठार करणं, फाडून खाणं. माणसानं पिढ्यानपिढ्या निवड करत कामाप्रमाणे यातल्या काही कड्या बळकट केल्या आणि काही झिजवल्या. मारलेले पक्षी आणून देणाऱ्या रिट्रिव्हरमध्ये पकड ठेवली, ठार करणारा चावा विरवला. कळप राखणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत जवळजवळ सगळी साखळीच निजवली, म्हणून ती मेंढ्यांच्या मधोमध झोपू शकतात. कोलीमध्ये नजर, दबकणं आणि पाठलाग टोकाला नेले. १८९३ साली इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलँडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा आजच्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जातो. त्याची ख्याती हीच, की गाजावाजा न करता नुसत्या नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवायचा. रेवाच्या घरच्यांना जी शांतता सुरक्षित वाटत होती, ती ही.

मी मामांना म्हटलं, “थांबा.” सायकल थांबली. रेवानं जागच्या जागी पोट टेकलं आणि वाट बघत राहिली. सायकल हलली, ती उठली. थांबली, ती बसली. शेवटी मामा सायकल घेऊन निघून गेले, तर ही दोरी ताणून त्या दिशेला बघत कुंईकुंई करत राहिली. तिला सायकल परत हवी होती.

भोलूनं सायकल दिसण्याआधी, नुसता तिच्या साखळीचा आवाज ऐकूनच भुंकायला सुरुवात केली. वजन मागच्या पायांवर, खांद्यांवरचे आणि शेपटीच्या मुळाशी केस उभे, एक पाऊल पुढे, दोन मागे. मी म्हटलं, “थांबा.” सायकल थांबली आणि भोलूचं भुंकणं चढलं. मामांनी सायकल वळवून पाठ केली तेव्हाच तो जिवाच्या आकांतानं तिच्या मागे धावला. ती दिसेनाशी झाल्यावर त्यानं अंग झटकलं, मोठा सुस्कारा सोडला आणि आडवा झाला. त्याला सायकल जायला हवी होती. त्याच्या हिशेबानं ती दर वेळी त्याच्या भुंकण्यामुळेच जात होती.

एकीचं बक्षीस सायकल येण्यात, दुसऱ्याचं सायकल जाण्यात. हे कळायला सायकल थांबवून बघावी लागते, आणि आधीच्या ट्रेनरनं नेमकं तेच केलं नव्हतं. त्यानं दोघांना चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली. सायकल दिसली की झटका, गुरगुरलं की उताणं पाडून दाबून धरायचं, कारण “अल्फा कोण ते कळलं पाहिजे.” हा अल्फा, म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा म्होरक्या, आला कुठून? रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणं लिहिली, त्यातून ही कल्पना पसरली. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. इतकी वर्षं झाली, तरी कुत्र्यांना उताणं पाडून लोक अजून फी घेतात.

रेवावर त्या झटक्यांचा काहीच परिणाम झाला नव्हता. पाठलागाच्या भरात तिला मान दुखल्याचं जाणवतही नसावं. भोलूचं मात्र नुकसान झालं. आधी तो गुरगुरायचा. ‘मला हे झेपत नाहीये, लांब हो’ असा तो सरळ निरोप असतो. गुरगुरलं की उताणं पाडतात हे शिकल्यावर त्यानं निरोप देणं बंद केलं, भीती होती तेवढीच राहिली. पोटरी धरली ती त्यानंतर. घरच्यांनी सगळा क्रम सांगितला तेव्हा मला संताप आवरेना.

आजोबांचं म्हणणं, भोलूला कुणा सायकलवाल्यानं मारलं असणार. हे मी फार वेळा ऐकते. मार खाल्लेली कुत्री असतात, पण पुष्कळ भित्र्या कुत्र्यांना कुणी बोटही लावलेलं नसतं. त्यांना वेळेवर जग दाखवलेलं नसतं, एवढंच. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ मध्ये आपलं अनेक वर्षांचं काम मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं ते त्याला पुढे आपलं वाटतं, असं त्यातून दिसलं. भोलू पाच महिन्यांचा होईपर्यंत एका बंद शेडमध्ये वाढला होता. त्या आठवड्यांत त्याला भेटल्या त्या शेडच्या भिंती.

“मिश्र रक्ताचा आहे, म्हणून असा,” हेही आजोबांचंच. २०२२ मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या पाहणीवर आधारलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. रेवा बॉर्डर कोली, तिच्या बाबतीत जात बोलत होती खरी, पण ते मी तिची मान खाली गेल्यावर म्हटलं, कागद बघून नाही. मेंढीकडे ढुंकूनही न बघणारे बॉर्डर कोली असतात.

हे बोलणं चालू असताना न ठरवलेलं घडलं. भोलू अजून लांब दोरीवर बाहेर होता आणि मुलगा क्लासहून लवकर सुटून सायकलवरून फाटकातून आत आला. भोलू उसळला. मुलगा थिजला. मी म्हटलं, “बाळा, उतर, सायकल आडवी ठेव, त्याच्याकडे बघू नकोस.” त्यानं तसं केलं. भुंकणं चालूच. “आता हेल्मेट काढ आणि नेहमीसारखा बोल त्याच्याशी.” मुलानं हेल्मेट काढलं आणि म्हणाला, “भोल्या.” भुंकणं अर्ध्यावर तुटलं. भोलूनं मान तिरकी केली, नाक वर करून हवा हुंगली, पाठीवरचे केस खाली बसले आणि शेपूट खालच्या खालीच हलायला लागली.

हा मुलगा म्हणजे ज्याच्या अंथरुणात तो रोज झोपतो तो. घरच्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते हेच. आजोबा त्याला बेइमान म्हणायचे. मला त्या क्षणी जे दिसलं त्यावरून मी सांगते, त्यानं आपल्या मुलावर कधी हल्ला केलाच नव्हता. चाकं, वेग, गुळगुळीत मोठं डोकं, या सगळ्यात त्याला तो मुलगा सापडतच नव्हता.

त्यावरून भोलूचा अभ्यास ठरला. ते चित्र सुटं करून एकेक तुकडा दाखवायचा. हेल्मेट जमिनीवर, मग मुलाच्या हातात, मग डोक्यावर. सायकल आडवी, मग उभी, मग हातानं ढकललेली, आणि मुलगा वर बसलेला अगदी शेवटी. खाऊ घेताना तोंड कडक झालं की एक पायरी मागे. शिवाय एक सुटका त्याच्या ताब्यात दिली. तो सायकलकडून वळून आपल्याकडे आला की सायकल लांब जाते. भुंकून मिळत होतं तेच त्याला न भुंकता मिळवून द्यायचं.

रेवाला यातलं काही उपयोगाचं नव्हतं. सायकल तिला नकोशी नव्हतीच. केलर आणि मॅरियन ब्रेलँड या मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या विद्यार्थ्यांनी प्राण्यांना शिकवण्यात आयुष्य घातलं आणि १९६१ मध्ये आपल्याला न जमलेल्या गोष्टी लिहून काढल्या. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, तर तो ती एकमेकांवर घासत बसायचा, खाऊ लांबला तरी. उपजत वागणं असं परत परत वर येतं. म्हणून कोलीची नजर पुसायला जाऊ नये. तिला पाठलाग द्यायचा, पण आपल्या परवानगीनं घ्यायला लावायचा. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं होतं, की जनावराला जे करायची जास्त ओढ आहे ते, कमी ओढीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. काठीला दोरी, दोरीला चिंधी. चिंधी पळते, रेवा दबकते, मी “बस” म्हणते, पोट टेकलं की लगेच “जा”. मेंढपाळही कोलीला कळप घेरायला फारसं शिकवत नाही, ते ती घेऊनच जन्मते. तो थांबायला शिकवतो. पाठलागाच्या ऐन मध्यावर थांबवता येणं, सगळी कारागिरी तिथे आहे. आधी चिंधी पडून असताना, मग सरपटताना, मग उडताना, आणि कितीतरी नंतर चाकासमोर. रेवा खाऊकडे बघत नाही म्हणून आधीच्या ट्रेनरनं तिला हट्टी ठरवलं होतं. खाऊपेक्षा मोठं बक्षीस तिच्या पुढ्यात धावत असायचं.

दोघंही अजून त्याच घरात आहेत. भोलू मुलाच्या सायकलशेजारून चालतो. अनोळखी सायकल आली की मागे सरतो, पण लवकर सावरतो. “पूर्ण बरा होईल ना?” असं वडील विचारतात, आणि मी नाही म्हणते. तो धीट होणार नाही. त्याचं सावरणं आणखी सुधारेल.

अडलंय ते दोघांना एकत्र बाहेर नेण्यावर. रेवा दबकली की तिचं ताठलेलं अंग बघून भोलू ठरवतो, काहीतरी वाईट येतंय. मग समोर सायकल असो की मांजर. वडिलांच्या ‘एकीला बघून दुसरा’ मध्ये एवढं तथ्य निघालं. त्यामुळे घरच्यांना रोज दोन वेगळ्या फेऱ्या माराव्या लागतात. ती माणसं थकली आहेत आणि पुन्हा तोच जुना प्रश्न काढतील याची मला धास्ती आहे. रेवाची मान खाली गेली की वळून आपल्याकडे यायचं, हे भोलूला शिकवणं चालू आहे. लांबून जमतं, जवळून नाही. मुलाच्या आईनं एक सुचवलं, ते मला सुचायला हवं होतं इतकं सरळ आहे. सायकल नसताना, अंगणातच, चिंधीवर रेवाला दबकवायचं आणि त्याच वेळी भोलूला खाऊ द्यायचा, म्हणजे तिचं दबकणं ही त्याला खाऊची वर्दी वाटेल. येत्या आठवड्यापासून तेच सुरू करतोय. काठी त्यांच्या हातात राहील, खाऊ माझ्या.